पारूबाईची अर्धी गोळी

"ही गोळी किती दिवस झाले घेताय?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा प्रदीपची मान खाली होती. मानेवरचं केसतूड त्या दाबून बघत होत्या, त्यामुळे उत्तरही त्यानं आपल्या गुडघ्यांनाच दिलं. "पाच वर्षं होतील." मागची बोटं थांबली. भवानी पेठेतल्या या दवाखान्यात तो लहानपणापासून येत होता, पण ते बसप्पा डॉक्टरांकडे. आता त्यांची मुलगी, अक्षता मॅडम, त्या खुर्चीवर बसत होत्या आणि खुर्चीबरोबर आलेले जुने कागद वाचतही होत्या. बसप्पा डॉक्टर कागद वाचत नसत, माणूस बघत. "पाच वर्षं? वडलांनी इथं पंधरा दिवस लिहिलंय." "हो, पंधराच दिवस होते," प्रदीप म्हणाला. पंधरा दिवसांची पाच वर्षं कशी झाली हे त्यालाही कुणी सांगितलं असतं तर हवं होतं. अक्षता मॅडम बेसिनपाशी गेल्या. नळ सोडून, पाठमोऱ्या, साबण लावता लावता त्या बोलल्या, आणि नेमकं हेच वाक्य त्यांनी समोर बसून, डोळ्यांत बघून सांगायला हवं होतं असं त्याला नंतर दिवसभर वाटत राहिलं. "साखर तुमची नॉर्मल आहे. तरी चार महिन्यांत हे तिसरं गळू. या मन शांत करणाऱ्या गोळ्यांचा प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो का, यावर हल्ली बरंच चाललंय की. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत न्यूमोनिया थोडा जास्त दिसतो असं काही अभ्यास म्हणतात, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. काही म्हणतात तसं काही नाही. आणि दोन गोष्टी जोडीनं दिसल्या म्हणजे एकीमुळंच दुसरी झाली असं नसतं. तुमच्या गळवाचंही मी तसं म्हणणार नाही. पण एवढी वर्षं कशाला घ्यायची? कमी करत आणू या." एवढ्या सगळ्या बोलण्यातून त्याच्या कानात दोनच शब्द राहिले. न्यूमोनिया आणि म्हाताऱ्या.

मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. पहिले पंधरा दिवस पाऊण गोळी, मग येऊन दाखवायचं, मग अर्धी. "एकदम बंद करायची नाही, काय? झटके येऊ शकतात. मनानं काही करायचं नाही." त्यानं मान हलवली, आणि केसतूड दुखलं. "पाऊण कशी करायची?" "कटर मिळतो मेडिकलमध्ये. नाहीतर घरात धारेची कात्री असेल की." कात्री हा शब्द ऐकून तो उठता उठता परत खुर्चीवर टेकला. एकाहत्तर वर्षांच्या बाईला चौदा महिने रोज अर्धी दिली तर काय होतं, असा एक सरळ प्रश्न त्याच्या घशाशी आला होता. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. अक्षता मॅडमनी भुवया उंचावून त्याच्याकडे बघितलं. "तिखट खाल्लेलं चालेल का?" त्यानं विचारलं. "चालेल की," त्या म्हणाल्या, आणि घंटी दाबली.

रस्त्यावर आला तेव्हा पावणेदोन झाले होते आणि मार्चातलं ऊन असं पडलं होतं, की स्कूटरच्या सीटला हात लावून तो मागे घ्यावा लागला. कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. घरी जायचं होतं, म्हणजे अक्कलकोट रस्त्यानं कुंभारीला, विडी कामगारांच्या वसाहतीत, आईच्या नावावर मिळालेल्या घरात. पण तो दवाखान्याच्या भिंतीला धरून जेमतेम हातभर पडलेल्या सावलीत उभा राहिला. समोरच्या बोळात माग चालले होते. टॉवेल विणणाऱ्या मागांची ती खटाखट त्याला लहानपणापासून ऐकू येत असल्यामुळे कधी ऐकूच येत नसे, पण आज प्रत्येक ठोका वेगळा येऊन आदळत होता. छाती त्या ठोक्यांच्या मागे धावायला लागली. हे त्याच्या ओळखीचं होतं. आता तळहाताला घाम येणार, मग जीभ कोरडी पडणार, मग असं वाटणार की आपण इथेच पडू आणि आपल्याला उचलायला आलेली माणसं आपल्या खिशातून आधी ओळखपत्र काढतील. पहिल्यांदा असं झालं ते एकवीस सालच्या एप्रिलात. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत तो कारकून होता, अजूनही आहे. आधी खिडकीवर जन्म जास्त येत, मृत्यू कमी. पेढेही यायचे कधीमधी. त्या महिन्यात रांग कचेरीच्या जिन्यावरून खाली उतरून फाटकाबाहेर गेली होती. माणसं तोंडाला फडकी बांधून उभी असायची, आणि खिडकीतून हात तेवढा आत यायचा, हातात कागद. नाव, वय, पत्ता, मृत्यूचं कारण. अ, ब आणि क, असे कारणाचे तीन रकाने. अ म्हणजे माणूस शेवटी कशानं गेला ते, ब म्हणजे ते कशामुळे झालं, आणि क म्हणजे त्याच्याही मुळाशी काय होतं. डॉक्टर भरून देत, प्रदीप संगणकात उतरवून घेई. एके दिवशी दुपारी उतरवता उतरवता त्याचा उजवा हात की-बोर्डवरून उचलेचना. हात ठणठणीत होता, पण तो ऐकत नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या शहाजीनं पाणी पाजलं, स्कूटरवर मागे बसवून बसप्पा डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, माणूस बघितला आणि म्हणाले, "रोज एक घे रात्री. पंधरा दिवस. तुझं काही बिघडलं नाही, दिवस बिघडलेत."

गोळी गुणी होती. तिनं काळजी जायची नाही. काळजी फक्त उठून शेजारच्या खोलीत जाऊन बसायची आणि दार लोटून घ्यायची. आवाज यायचा, पण त्यातले शब्द कळायचे नाहीत, आणि प्रदीपला तेवढं पुरे होतं. दिवस सुधारले, रांग जिन्यावरून वर आली, परत पेढे यायला लागले, पण गोळी तिथेच राहिली; जुनीच चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला देत राहिला. बायकोला, दीक्षाला, माहीत होतं. ती अंगणवाडीत सेविका, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची वजनं करायची. "तुमची ती गोळी अजून संपली नाही व्हय?" असं ती सहा महिन्यांतून एकदा विचारायची, आणि तो "संपत आलीय" म्हणायचा. आई मात्र बघत असायची. पारूबाई काही न बोलता बघत राहणारी बाई होती. पंचेचाळीस वर्षं सूप मांडीवर घेऊन विड्या वळताना तिनं मान वर न करता सगळं घर बघितलं होतं. मिलमधून येणारा, आणि पुढे मिल बंद पडल्यावर न येणारा धोंडिराम, तिचा नवरा, बघितला होता. आजूबाजूच्या सगळ्या तेलुगू बायका, त्यांच्यात ही एकटी मराठी. विड्या मोजताना तीही ओकटी, रेंडू, मूडू करायची, आणि प्रदीपला शाळेत जाईपर्यंत आकडे तेलुगूतच असतात असं वाटत होतं.

एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर तो ओट्यापाशी गोळी काढत होता तेव्हा ती मागून येऊन उभी राहिली. "पर्दीप, ती पांढरी घेतल्यावर तुला गार वाटतंय न्हवं?" "तसंच काहीतरी." "मग मलाबी दे की अर्धी. पडल्यावर छातीत लई धडधडतंय. डोळ्याला डोळा न्हाय." त्यानं दवाखान्यात जाऊ या म्हटलं. "मला नगं दवाखाना. तुजी चालतीया ती मला चालंना व्हय? तू काय माज्या पोटातला न्हाईस?" घरात एकाची पडशाची बाटली सगळे घ्यायचे, एकाचं मलम सगळ्यांच्या गुडघ्यांना चालायचं. शिवाय आईनं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काहीतरी मागितलं होतं आणि ते त्याच्या हातात होतं, याचा त्याला आनंद झाला. हा आनंद त्याला आता, या भिंतीच्या सावलीत उभा असताना, स्पष्ट आठवला. त्यानं नखानं गोळी मोडायला घेतली, ती भुगा होऊन बोटांत राहिली. आई हसली. "सोड, तुला न्हाय जमायचं." तिनं सुपातली पानाची कात्री आणली. आखूड पात्यांची, मुठीला चिंधी गुंडाळलेली, पंचेचाळीस वर्षं तेंदूची पानं एका मापानं कापून कापून पाती आत झिजलेली. गोळी दोन पात्यांत धरून तिनं हलकेच दाबलं. कच्. दोन अर्ध्या झाल्या, कड सरळ, पूड म्हणून नाही. त्यातली एक तिनं आपल्या तंबाखूच्या डबीत टाकली. "पडताना घीन. आन् दीक्षाला सांगू नगंस. ती अंगणवाडीतली, लगीच वहीत लिवील." दोघंही हसली होती. मग रोजचंच झालं. तो आपली एक घ्यायचा, आणि दुसऱ्या गोळीची एक दिवसाआड आईच्या कात्रीखाली दोन शकलं व्हायची. आठवड्यातच ती म्हणाली, "आता बरं हाय बग. झोप लागती." त्याला कोण बरं वाटलं. आईसाठी आपण काहीतरी करतो आहोत असं तो मनाशी म्हणत असे, आणि वर त्याचा थोडा गर्वही होता.

गेल्या ऑगस्टात तिला सर्दी झाली. साधी सर्दी, घरात सगळ्यांनाच झाली होती. बाकीच्यांची गेली. तिची छातीत उतरली. चौथ्या दिवशी ती बोलताना मधेच थांबून श्वास घ्यायला लागली, पाचव्या दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं हातात पॅड घेऊन विचारलं, "आजींना कुठल्या गोळ्या चालू आहेत?" शेजारी दीक्षा उभी होती. बुद्धप्रिया, त्यांची मुलगी, आजीचे पाय चोळत होती. दोघींनी त्याच्याकडे बघितलं, कारण घरातले कागद, अर्ज, गोळ्या हे त्याचं खातं. "कुठल्याच नाहीत," तो म्हणाला. त्यात लबाडी नव्हती, निदान आधी ठरवलेली नव्हती. तोंडातून आलं आणि मग ते परत घ्यायचं तर दीक्षासमोर, मुलीसमोर, सगळं सांगावं लागलं असतं. उद्या सकाळी डॉक्टरला बाजूला घेऊन सांगू असं त्यानं ठरवलं. सकाळी दुसराच डॉक्टर होता. आणि परवा सकाळी सांगण्यासारखं काही राहिलं नाही. भन्तेजी आले, पुण्यानुमोदन झालं, विडी कारखान्यातल्या तेलुगू बायका येऊन दाराशी बसून रडल्या. दहा दिवसांनी तो कामावर गेला तेव्हा आईचा कागद त्याच्याच टेबलावर येऊन पडला होता. शहाजी म्हणाला, "तू राहू दे, मी करतो नोंद." तो नको म्हणाला. नाव, पारूबाई धोंडिराम. वय, एकाहत्तर. कारण: अ मध्ये श्वसनक्रिया बंद पडणे. ब मध्ये न्यूमोनिया. क रिकामा होता.

रिकामा क तसा रोज चार-पाच कागदांवर असतो. तो तसाच पुढे ढकलायचा असतो. तेव्हा त्यानं ढकललाही. आज स्कूटर सुरू करून गर्दीतून बाहेर पडताना, होटगी रस्त्याचा चौक ओलांडताना, पुढे मोकळ्यावर लागल्यावर, तो एक रकाना त्याच्यापुढे धावत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नक्की नाही. नक्की नाही याचा अर्थ काय होतो हे त्यांना माहीत नव्हतं. नक्की असतं तर माणूस एकदाच मेला असता. काही अभ्यास हो म्हणतात, काही नाही म्हणतात, म्हणजे आता रोज सकाळी उठून एकदा हो आणि एकदा नाही. आईचं वय होतं. होय, होतं. पंचेचाळीस वर्षं तंबाखूची धूळ नाकात होती. तीही होती. ऑगस्टात पेठेतली आणखी किती म्हातारी माणसं गेली, सगळ्यांना कुणी अर्धी गोळी देत होतं का? नसेल. पण त्यांच्या क मध्ये काय होतं ते त्यांच्या मुलांनी बघावं, माझ्या आईच्या क मध्ये मी बसलोय. आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. निदान त्याला कळलं असतं तर त्यानं काही वेगळं केलं असतं का? काही वेगळं इंजेक्शन? की हेही नक्की नाही? वाटेत ट्रकनं जोरात भोंगा वाजवला तेव्हा त्याला कळलं, आपण रस्त्याच्या मधोमध चाललो आहोत. तो बाजूला झाला. ट्रकवाल्यानं आई काढून शिवी दिली, आणि त्याला वाटलं, बरोबर दिली.

खिशात फोन वाजत होता. एका पिंपर्णीखाली थांबून त्यानं तो घेतला. दीक्षा होती. "अहो, प्रियाला परत ताप आलाय. सकाळपास्नं अंगात कणकण म्हणती. मी आज मीटिंगला अडकले, सहा वाजतील. येताना तापाची गोळी घ्या आणि तोंड आल्याचं ते मलम पण घ्या, तिच्या तोंडात परत फोड आलेत. उद्या बारावीचं फिजिक्स हाय तिचं. ऐकताय न्हवं?" "हं," तो म्हणाला. "काय म्हणाल्या डॉक्टर?" "काही नाही. कमी करायला सांगितलीय." "बरंच झालं की," दीक्षा म्हणाली. त्यानं फोन ठेवला आणि पुन्हा ऑगस्टात गेला. कुंभारीच्या फाट्यावर मेडिकलचं दुकान आलं आणि मागे पडलं, तेव्हा आपल्याला काहीतरी घ्यायचं होतं एवढं त्याला आठवलं, काय ते आठवलं नाही.

घर दारातूनच गप्प होतं. प्रियाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ती आधी आजीची खोली, मग दोघींची, आता एकटीची. आतून पाठ करण्याचा पुटपुटता आवाज येत होता, मधेच खोकला, मग पुन्हा पुटपुट. तिच्याकडे डोकवावं असं त्याच्या मनात आलं, पण आधी हे एक काम उरकू असं त्यानं ठरवलं. पाऊण गोळी करून ठेवायची, म्हणजे नंतर चुकणार नाही. खरं म्हणजे त्याला ती कात्री बघायची होती. आईचं सूप, पानं भिजवायचं गोणपाट, मापाचा पत्रा आणि कात्री हे सगळं त्यानंच माळ्यावर एका पिशवीत बांधून ठेवलं होतं. स्टूल घेऊन चढला. पिशवी होती, गाठ मात्र त्याची नव्हती. तो सुतळीची दुहेरी गाठ मारतो, फायलींसारखी. ही साधी होती, घाईत मारलेली. सूप होतं, त्यातून अजून तंबाखूचा वास येत होता आणि त्या वासानं त्याला क्षणभर स्टुलावर धरून उभं राहावं लागलं. पत्रा होता. कात्री नव्हती. आईची तंबाखूची डबी होती. उघडून बघितली, तर स्वच्छ पुसलेली, रिकामी.

तो खाली उतरला, ओट्यावरच्या फळीवरून आपल्या गोळ्यांचा डबा काढला. डब्यात त्यानं कधी नीट बघितलंच नव्हतं. हात घालायचा, एक काढायची, पाणी प्यायचं. आज त्यानं स्ट्रिप बाहेर काढून उजेडात धरली. वरच्या ओळी त्यानं फोडलेल्या होत्या, नेहमीसारख्या, अंगठ्यानं दाबून फाडलेल्या. अगदी खालच्या कोपऱ्यातल्या घराची चांदी मात्र एका बाजूनं अलगद उचलून परत चिकटवलेली होती. त्यानं नख घातलं. आत अर्धी गोळी होती. कड सरळ, पूड म्हणून नाही.

आई गेल्याला सात महिने झाले होते. आधी, अगदी पहिल्यांदा, त्याला आईच आठवली, ती इथे ओट्यापाशी उभी आहे असं वाटून तो मागे वळलासुद्धा. मग आतल्या खोलीतला खोकला त्याला पहिल्यांदा ऐकू आला, म्हणजे इतके दिवस जो कानावर पडत होता तो पहिल्यांदा ऐकू आला. हिवाळ्यापासूनचा खोकला. दिवाळीनंतर डोळ्याला आलेली रांजणवाडी. दर पंधरा दिवसांनी तोंडात फोड. महिन्याला ताप. दीक्षा सांगत होती आणि तो हं म्हणत होता.

प्रिया टेबलाशी बसली होती, कपाळाला ओला रुमाल बांधून. सतरा वर्षांची मुलगी, ओठांच्या कडा सोलवटलेल्या. तो आत आला तरी तिनं पुस्तकातून मान काढली नाही, अगदी आजीसारखी. कंपासपेटी उघडी होती, आणि पेनांच्या, पट्टीच्या खाली चिंधी गुंडाळलेली मूठ दिसत होती. त्यानं ती उचलली. झिजलेल्या पात्यांच्या आत पांढरी पूड, अगदी जराशी. "प्रिया, ही तू..." एवढंच त्याला बोलता आलं. तळहातावरची अर्धी गोळी त्यानं पुढे केली. तिनं गोळीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि ती रडेल असं त्याला वाटलं होतं, पण ती दमल्यासारखी दिसली. "रागावू नका ओ पप्पा. उद्या पेपर हाय माझा."

"कधीपासून?"

"अकरावीपासून. क्लासची पहिली टेस्ट होती की. हात थरथरत होता, पेन धरता येईना. आजीनं बघितलं. म्हणाली, तुझ्या बापाची घरचीच गोळी हाय, काय होत न्हाय. अर्धीच द्यायची. मम्मीला सांगू नको म्हणाली."

"आजी तिच्यातली तुला द्यायची?"

"तिच्यातली कुठली? ती माझ्यासाठीच मागून घ्यायची तुमच्याकडनं. मुलीच्या नावानं मागितली तर पर्दीप देणार न्हाय, म्हणायची. रोज देत नव्हती ती, डबीत साठल्या होत्या, त्या आजी गेल्यावर पुरवल्या एक दिवसाआड. आठवडा झाला, संपल्या. मग तुमच्यातली घेतली. तीन वेळाच."

प्रदीप खाटेवर बसला. आईच्या खाटेवर. विचारायला पुष्कळ होतं. झोप लागते का, पोटात काही होतं का, किती घाबरतेस, मला का नाही सांगितलंस. पण त्याच्या तोंडून आलं ते हे: "आजीनं स्वतः कधी घेतली नाही? एकदाही?"

"नाही. कडू लागती म्हणायची. एकदा जिभेवर ठेवून थुंकली होती."

एकदाही नाही. म्हणजे ऑगस्टात दवाखान्यात त्यानं जे सांगितलं ते खरं होतं. कुठल्याच नाहीत. खोटं म्हणून सांगितलेलं सगळं खरं निघालं, आणि क रकाना खरोखर रिकामा होता, त्यात कुणी बसलेलं नव्हतं. दुपारपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठलं. त्याचा श्वास खाली, पार पोटापर्यंत गेला, खांदे सैल पडले, आणि तो हसलाही असावा, कारण प्रियाचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही रागावला नाही न्हवं?" ती म्हणाली. तेव्हा त्याला कळलं की समोर आपली मुलगी तापानं फणफणत बसली आहे, पावणेदोन वर्षं आपल्याच हातची गोळी पोटात घेऊन, आणि आपल्याला बरं वाटलं आहे. इतकं बरं पाच वर्षांत कुठल्याही गोळीनं वाटलं नव्हतं. त्यानं स्वतःचा असा तिरस्कार आधी कधी केला नव्हता. शेजारच्या खोलीचं दार मोडून काळजी आत आली, पण तिच्या आधी ते बरं वाटणं येऊन गेलं होतं, आणि ते आता आयुष्यभर आधीच आलेलं राहणार होतं.

त्यानं तिच्या कपाळाला हात लावला. रुमाल कोमट झाला होता. "तोंड उघड," तो म्हणाला. जिभेच्या कडेला, गालाच्या आत, पांढरे फोड. न्यूमोनिया नाही, केसतूड नाही, नुसते फोड. कशामुळे ते नक्की नाही. त्यानं तिथेच उभ्यानं दवाखान्याचा नंबर लावला. कंपाउंडर सिद्धराम होता. "मॅडम गेल्या की साहेब. आज संध्याकाळचं नाही. उद्या अकराला या." उद्या अकराला फिजिक्स. दुसऱ्या डॉक्टरकडे जावं, तर त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं. दीक्षाला सांगायचं. सांगावंच लागणार होतं. आजच, सहा वाजता, ती चप्पल काढायच्या आत. एकदम बंद करायची नाही, काय, झटके येऊ शकतात. पाच वर्षं घेणाऱ्या माणसाला सांगितलेलं ते सतरा वर्षांच्या, अर्धी घेणाऱ्या मुलीला लागू होतं की नाही हे त्यानं विचारलं नव्हतं. त्यानं तिखट चालतं का एवढंच विचारलं होतं.

"परवा आपण मॅडमकडे जाऊ," तो म्हणाला. "सगळं सांगू त्यांना. हळूहळू कमी करतात." प्रियानं मान हलवली. तिची नजर त्याच्या मुठीवर होती. "पण आज द्या ना," ती म्हणाली. "पुस्तकातलं काहीच दिसेना झालंय. अक्षरं हलायलीत. काल घेतली नव्हती मी, शपथ." तिनं हात पुढे केला. हात थरथरत होता, हे त्याला टेबलापलीकडून दिसत होतं. एकवीस साली त्याचा हात उचलला नव्हता, हिचा थांबत नव्हता. आईनं हेच बघितलं असणार, इथेच, याच खाटेवर बसून, सुपातून मान वर न करता. आणि आईला जे सुचलं होतं त्याहून वेगळं काही रोज कागदांवर सह्या करणाऱ्या या कारकुनालाही सुचलं नाही. न द्यावी तरी भीती, द्यावी तरी भीती. दोन्हींकडची भीती सारखीच होती आणि मुलीचा हात समोर होता.

त्यानं मूठ उघडली. तिनं अर्धी गोळी उचलून तोंडात टाकली, मान जराशी मागे केली आणि पुस्तकाचं पान उलटलं. तो पाण्याचा तांब्या घ्यायला वळला होता.

"पाणी नको," ती म्हणाली. "मला लागत नाही."

तांब्या त्याच्या हातात तसाच राहिला. पाच वर्षं झाली होती, पण त्याला अजून पाणी लागत असे.